हिवतापाचा डास आणि बोथट झालेले शस्त्र

शत्रूला जिंकण्यापेक्षा जिंकलेल्या शत्रूवर नजर ठेवणे अधिक कठीण असते. हिवताप, म्हणजेच मलेरिया, या रोगाशी आपल्या देशाने दिलेल्या झुंजीवरून ही गोष्ट चांगलीच पटते. या झुंजीतील एक महत्त्वाचा प्रसंग आमच्या बडोद्याच्या अगदी शेजारी घडला. त्याची हकीकत आणि तिच्यातून मिळणारा धडा आपल्या शाळेच्या वाचकांपुढे मांडावा, या हेतूने हा लेख आम्ही लिहीत आहोत.

दलदलीच्या दूषित हवेने हिवताप होतो, अशी पूर्वी समजूत होती. 'मलेरिया' या मूळच्या इटालियन शब्दाचा अर्थही 'वाईट हवा' असाच आहे. १८८० साली लाव्हरां या फ्रेंच डॉक्टरांना अल्जीरियात एका रुग्णाच्या रक्तात या रोगाचे सूक्ष्म जंतू दिसले. पुढे २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे रोनाल्ड रॉस यांना तेच जंतू अॅनॉफिलीस जातीच्या डासाच्या जठरात आढळले आणि खरा गुन्हेगार उजेडात आला.

या डासाची मादीच तेवढी रक्त पिते; नर बिचारा वनस्पतींच्या रसावर राहतो. मादी साचलेल्या पाण्यावर अंडी घालते. अंड्यातून अळी, अळीतून कोष व कोषातून पंख असलेला डास, हा प्रवास उष्ण हवेत साधारणपणे सात ते दहा दिवसांत पुरा होतो. रुग्णाचे रक्त प्यालेली मादी लगेच दुसऱ्यास रोग देऊ शकत नाही. जंतूंची तिच्या शरीरात वाढ होण्यास साधारण दहा ते चौदा दिवस लागतात. तेवढे दिवस ती जगली नाही, तर तिच्यापासून कोणासही अपाय होत नाही. शिवाय रक्त पिऊन जड झालेली मादी पुष्कळदा घराच्या किंवा गोठ्याच्या भिंतीवर विसावते. भिंतीवर विषारी औषधाचा थर असला, की तिचे आयुष्य तेथेच संपते. भिंतींवर औषध फवारण्याच्या उपायाचे सारे मर्म या दोन गोष्टींत आहे.

असे औषध डी.डी.टी.च्या रूपाने हाती आले. त्याचा कीटकनाशक गुण पॉल म्यूलर या स्विस रसायनशास्त्रज्ञाने १९३९ साली शोधून काढला. त्याबद्दल १९४८ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. भारतात १९५३ साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. त्यापूर्वी देशात दरवर्षी सुमारे साडेसात कोटी लोकांना हिवताप होई व सुमारे आठ लाख माणसे दगावत, असा अंदाज होता. फवारणीचा परिणाम पाहून १९५८ पासून रोगाच्या समूळ उच्चाटनाचेच ध्येय ठेवण्यात आले. १९६५ च्या सुमारास रुग्णांची संख्या एक लाखाच्या आसपास येऊन ठेपली. रोग आता इतिहासजमा होणार, असे सर्वांस वाटू लागले.

परंतु विजयाचे नगारे वाजत असतानाच एक चिंतेची वार्ता येऊन पोहोचली होती. १९५९ साली पंचमहाल जिल्ह्यात, जो तेव्हा मुंबई राज्यात होता, अॅनॉफिलीस क्युलिसिफेसिस हे डास डी.डी.टी.ला पूर्वीसारखे बळी पडत नाहीत, असे आढळले. आपल्या खेड्यापाड्यांत हिवताप पसरविणारा मुख्य डास तो हाच. पुढे ठिकठिकाणी हेच दिसू लागले. त्यातच पैशाची चणचण, फवारणीतील ढिलाई व रुग्णांच्या शोधातील हयगय यांची भर पडली. १९७६ साली देशात सुमारे ६४ लाख रुग्णांची नोंद झाली. जवळजवळ जिंकलेली लढाई पुन्हा पहिल्यापासून लढण्याची पाळी आली.

असे का व्हावे? 'डासांना विषाची सवय झाली,' असे पुष्कळ लोक म्हणतात. हे म्हणणे बरोबर नाही. एखादा डास विष थोडे थोडे पचवून बलवान होतो आणि मग आपली विद्या पिलांना शिकवितो, असे काही घडत नसते. समजा, एका गावात एक लाख डास आहेत. त्यांपैकी दहा डासांच्या अंगी विषाला तोंड देण्याचा गुण उपजतच आहे. फवारणीपूर्वी त्या दहांना कोणी ओळखणार नाही, कारण त्या गुणाचा त्यांना काहीच उपयोग नसतो. फवारणी झाली, की साधे डास मरतात आणि हे दहा उरतात. पुढची प्रजा मुख्यतः त्यांचीच होते व तोच गुण घेऊन जन्मते. शेतकरी जसा चांगले कणीस निवडून बियाण्यासाठी ठेवतो, तसे आपणच न कळत चिवट डासांचे बियाणे राखून ठेवतो! डासांच्या पिढ्या आठवड्या-दोन आठवड्यांत उलटत असल्यामुळे काही वर्षांतच सारे गाव चिवट डासांनी भरून जाते.

हा उपजत गुण निरनिराळ्या प्रकारचा असतो. काही डासांच्या शरीरातील पाचके विषाचे तुकडे करून त्याला निरुपद्रवी बनवितात. काहींच्या मज्जातंतूंवर विष ज्या जागी जाऊन बसते, ती जागाच किंचित बदललेली असते. कुलपाचे छिद्र बदलले, की किल्ली लागत नाही, तसाच हा प्रकार. येथे आणखी एक मेख आहे. डी.डी.टी. आणि पायरेथ्रॉइड वर्गातील आधुनिक औषधे ही मज्जातंतूंच्या एकाच जागी मारा करतात. त्यामुळे एकाला दाद न देणारा डास दुसऱ्यालाही जुमानत नाही, असे पुष्कळदा घडते. तेव्हा डब्यावरील नाव बदलले म्हणजे औषध बदलले, असे समजणे चुकीचे आहे. त्याचा मारा करण्याचा मार्ग बदलला पाहिजे.

डी.डी.टी. निष्प्रभ ठरू लागल्यावर मॅलॅथिऑन हे वेगळ्या मार्गाने मारणारे औषध वापरात आले. तेही वर्षानुवर्षे एकटेच वापरले गेल्याने १९७० नंतरच्या दशकात गुजरातेत त्यालाही न जुमानणारे डास आढळले. शेतांतील पिकांवर त्याच वर्गातील औषधे फवारली जातात; ती वाहून पाण्यात उतरली, की तेथील अळ्यांमधूनही हीच निवड सुरू होते.

मग यावर उपाय कोणता? पहिला उपाय म्हणजे औषधांची पाळी बदलणे. आपला शेतकरी एकाच शेतात दरसाल तेच पीक घेत नाही. त्याच न्यायाने एका वर्षी एका मार्गाने मारणारे औषध वापरावे आणि दुसऱ्या वर्षी दुसऱ्या मार्गाने मारणारे. एकाच्या तडाख्यातून वाचलेले डास दुसऱ्याच्या तडाख्यात सापडतात. पश्चिम आफ्रिकेत नद्यांवरील काळ्या माशीमुळे पसरणाऱ्या, अंधत्व आणणाऱ्या एका रोगाविरुद्ध १९७४ साली मोठी मोहीम सुरू झाली. १९८० च्या सुमारास माशीच्या अळ्या मुख्य औषधाला दाद देईनात, तेव्हा निरनिराळी औषधे आळीपाळीने वापरून ही मोहीम यशस्वी करण्यात आली. मेक्सिकोच्या चियापास प्रांतातही पाळी बदलणे व शेजारशेजारच्या घरांत वेगवेगळी औषधे वापरणे, या दोन्ही रीतींचे प्रयोग झाले. एकच पायरेथ्रॉइड सतत वापरलेल्या गावांच्या तुलनेने या रीतींच्या गावांत डासांचा चिवटपणा सावकाश वाढला.

दुसरा उपाय पारखण्याचा. औषध लावलेल्या कागदाच्या नळीत डासांना एक तास ठेवतात व चोवीस तासांनी मेलेले डास मोजतात. शंभरांपैकी नव्वदांहून कमी मेले, तर त्या औषधाची धार गेली असे समजतात. ही परीक्षा वेळोवेळी घेतली, तरच औषध केव्हा बदलावे हे कळते. फवारणीची मात्राही पुरेशी असली पाहिजे. अपुऱ्या मात्रेने अर्धवट चिवट डासही वाचतात आणि त्यांची प्रजा वाढते.

तिसरा उपाय आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो, कारण तो प्रत्येकाच्या हातातला आहे. डासांचे जन्मस्थानच नाहीसे केले, तर त्याविरुद्ध कोणता डास चिवट होणार? १९११ साली डॉ. बेंटली यांनी मुंबईतील हिवतापाचे मूळ तेथील उघड्या विहिरींत आहे, असे दाखवून दिले. त्यानंतर तेथे विहिरी घट्ट झाकण्याचा किंवा बुजविण्याचा उपाय योजला गेला. आमच्या शेजारच्या खेडा जिल्ह्यात, नडियाद तालुक्यात, हिवताप संशोधन केंद्राने १९८३ पासून गावकऱ्यांच्या साहाय्याने खड्डे बुजविले, सांडपाण्याला वाट करून दिली, पाण्यात अळ्या खाणारे गप्पी मासे सोडले. गोव्यात बांधकामांच्या जागी साचलेल्या पाण्यात अळ्या मारणारे जिवाणू आणि विहिरी-टाक्यांत तेथलेच लहान मासे सोडण्याचे प्रयोग झाले. माशाच्या तोंडात सापडलेल्या अळीला कोणताही उपजत गुण वाचवू शकत नाही.

आता आपले स्वतःचे कर्तव्य काय, ते पाहू. घरातील हौद, रांजण, पाण्याची टाकी व कूलर आठवड्यातून एकदा रिकामे करून, घासून, कोरडे करावेत. आठवडाच का, हे वर सांगितलेल्या डासाच्या वाढीवरून ध्यानात येईलच. गच्चीवरील टाकीला घट्ट झाकण असावे. मच्छरदाणी रोज लावावी. फवारणीचे लोक आले, की एखादी खोली बंद ठेवू नये व फवारलेल्या भिंती लगेच सारवू किंवा रंगवू नयेत. घरात जाळावयाच्या उदबत्त्या व विजेवरील औषधे पुष्कळदा पायरेथ्रॉइड वर्गातीलच असतात. त्यांचा अहोरात्र वापर करून स्वच्छतेचा आळस झाकू नये. ताप आल्यास रक्त तपासून घ्यावे आणि डॉक्टरांनी दिलेली औषधे पुरी घ्यावीत.

कीटकनाशके ही मोठ्या कष्टाने मिळालेली शस्त्रे आहेत आणि नवी शस्त्रे रोज सापडत नाहीत. लहानसहान कामासाठी ती सदैव उपसली, तर खऱ्या साथीच्या वेळी त्यांना धार उरणार नाही. पंचमहालच्या डासांनी १९५९ सालीच आपल्याला हा इशारा दिला होता. औषधावर सारा भार टाकून स्वस्थ न बसता आपण घराभोवतीचे साचलेले पाणी हटविले, तर ती शस्त्रे पुढच्या पिढीलाही उपयोगी पडतील.