बिदरहून हैदराबाद दोन दिवसांत: बायकोचं फुकट तिकीट नेमकं कुठं थांबतं?

सोयाबीनचे पैसे हातात आले, की सीमाभागातल्या अनेक घरांत एक बेत हमखास निघतो. लग्न होऊन वर्ष झालं, दोघं मिळून कुठं गेलो नाही, चला हैदराबाद बघून येऊ. बिदरपासून शहर साधारण 140 किलोमीटर. पुणे-मुंबईपेक्षा कितीतरी जवळ.

समजा, भालकी तालुक्यातलं असं एक जोडपं आहे. नवरा तिथलाच, बायको उदगीरकडची. दोघांनी पहिल्यांदाच मोठं शहर बघायचं ठरवलं. "अहो, माझं तिकीट तर फुकटच आहे, तुमचंच काढायचं," असं ती म्हणते. हिशेब इथंच चुकतो.

तीन राज्यं, तीन नियम

कर्नाटकात 11 जून 2023 पासून 'शक्ती' योजना सुरू आहे. कल्याण कर्नाटक परिवहनच्या साध्या आणि एक्सप्रेस बसमध्ये महिलांना तिकीट लागत नाही. पण योजना राज्याच्या आतल्या प्रवासापुरती आहे. बिदर-हैदराबाद बस आंतरराज्य आहे, म्हणून तिथं कंडक्टर बायकोचंही तिकीट फाडतो. त्यात त्याची काही चूक नाही. भालकी ते बिदर मात्र फुकट जाता येतं.

तेलंगणातही 9 डिसेंबर 2023 पासून महिलांना मोफत बस आहे. हैदराबाद शहरातल्या साध्या बसही त्यात येतात. पण ओळखपत्रावर तेलंगणाचा पत्ता लागतो. त्यामुळं कर्नाटकच्या किंवा महाराष्ट्राच्या बाईला तिथं पैसे देऊनच फिरावं लागतं.

महाराष्ट्रात 17 मार्च 2023 पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे. उदगीर, देगलूरकडून हैदराबादला निघणाऱ्यांना ही सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच मिळते, पुढचं भाडं पूर्ण.

रेल्वेत हा गोंधळ नाही. बिदरहून जहिराबाद-विकाराबाद मार्गे आणि कलबुर्गीहून वाडी-तांडूर मार्गे गाड्या जातात. भाड्याचा राज्याच्या हद्दीशी संबंध नसतो.

माहेरचं आधार, सासरची बस

दुसरी अडचण सीमाभागातलीच. आपल्याकडं सोयरीक राज्याची हद्द बघून होत नाही. लेक लातूर-उदगीरची, सासर भालकी-औरादचं, हे घरोघरी. लग्नानंतर आधारवरचा पत्ता मात्र माहेरचाच राहतो. अशा सुनेला 'शक्ती'चं तिकीट कर्नाटकातही मिळत नाही, कारण तिथं कर्नाटकचा पत्ता असलेलं ओळखपत्र दाखवावं लागतं. वर्षभर सासरी राहूनही भालकी-बिदर प्रवासाला तिला पैसे मोजावे लागतात.

उपाय सोपा आहे. 2023 पासून कुटुंबप्रमुखाच्या संमतीनं आधारवरचा पत्ता ऑनलाइन बदलता येतो. नवऱ्याचं आधार आणि नातं सिद्ध करणारा कागद, उदाहरणार्थ विवाह नोंदणीचा दाखला, लागतो. लग्नाची नोंदणीच केली नसेल तर आधी ती करावी. नाव बदलायलाही हाच दाखला कामाला येतो.

लॉजवरही तोच प्रश्न येऊ शकतो. दोघांची नावं-आडनावं जुळत नाहीत म्हणून काउंटरवरचा माणूस चौकशा करतो आणि नवं जोडपं उगीच ओशाळतं. दोन सज्ञान माणसांनी एका खोलीत राहायला कायद्यानं बंदी नाही. ओळखपत्र मात्र दोघांचंही लागतं. काही लॉज स्वतःचे वेगळे नियम लावतात, म्हणून खोली ठरवतानाच फोनवर विचारून घ्यावं. लग्नाच्या दाखल्याचा फोटो मोबाईलमध्ये असला की बोलणं लवकर संपतं.

दोन दिवस कसे वापरायचे

पहिल्यांदा जाणारे शहराच्या या टोकाहून त्या टोकाला धावतात आणि अर्धा दिवस रिक्षात जातो. एका दिवशी एकच भाग धरावा.

बस मियापूरवरून जात असेल तर तिथं उतरून मेट्रो धरता येते. लाल मार्गाची मेट्रो थेट महात्मा गांधी बसस्थानकापर्यंत, म्हणजे एमजीबीएसपर्यंत नेते. शहरातली वाहनांची गर्दी टळते.

पहिला दिवस जुन्या शहराचा. एमजीबीएसपासून सालारजंग संग्रहालय जवळच आहे. पुढं 1591 साली मुहम्मद कुली कुतुबशहानं बांधलेला चारमिनार, शेजारी मक्का मशीद आणि बांगड्यांचा लाड बाजार. चारमिनारला मेट्रो जात नाही, बस किंवा रिक्षा धरावी लागते. शुक्रवारी सालारजंग आणि चौमहल्ला राजवाडा दोन्ही बंद असतात. दोनच दिवस असतील तर शुक्रवार टाळलेला बरा.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन चढायच्या आत गोवळकोंडा. चढण आहे, पाण्याची बाटली जवळ हवी. बहमनी राज्य फुटून जी पाच राज्यं झाली, त्यातलं गोवळकोंडा एक आणि बिदर दुसरं. बिदरचा किल्ला बघितलेल्या माणसाला इथं ओळखीच्या खुणा दिसतात. संध्याकाळी बिर्ला मंदिर आणि हुसेनसागर. मंदिरासाठी असेंब्ली मेट्रो स्थानक जवळ पडतं.

शहर तसं परकं नाही

बिदर आणि गुलबर्गा 1956 पर्यंत हैदराबाद राज्यातच होते. कोर्टकचेरी, कॉलेज, मोठा दवाखाना म्हटलं की लोक हैदराबादच गाठत. गुलबर्ग्यात वकिली केलेले केशवराव कोरटकर पुढं तिथंच गेले आणि त्यांच्यासारख्यांनी विवेक वर्धिनीसारखी मराठी शाळा उभी केली. सुलतान बाजार, काचीगुडा भागात आजही मराठी कानावर पडतं.

1 नोव्हेंबर 1956 ला राज्याच्या रेषा बदलल्या. लोकांचं येणं-जाणं चालूच राहिलं, आता फक्त प्रत्येक रेषेला तिकीट बदलतं. बस सुटायच्या आधी ते माहीत असलं, तर भालकीच्या त्या जोडप्याला कंडक्टरशी हुज्जत घालावी लागणार नाही, आणि वाचलेला वेळ लाड बाजारात बांगड्या निवडायला कामी येईल.