हाय-लिफ्ट कॅम टाकला की गाडी पळते म्हणे, पण हेडचा हिशोब कोण करणार?

कोल्हापूरला गाड्यांचा नाद नवा नाही. शिवाजी उद्यमनगरात लेथचा आवाज ऐकत पोरं मोठी होतात. शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत इंजिनाच्या भागांचं कास्टिंग होतं. मोहितेज रेसिंग अकॅडमीच्या ट्रॅकवर राष्ट्रीय कार्टिंगच्या शर्यती झाल्या आहेत. अशा गावात कुणी 'हाय-लिफ्ट कॅम बसवूया' म्हटलं तर चार जण लगेच पाने घेऊन हजर.

पण विषय असा आहे की, कॅम बदलणं हे एका पार्टचं काम नाही. त्याच्यामागे अख्खं हेड बदलावं लागतं. कसं, ते बघू.

आधी कॅम म्हणजे काय?

फोर स्ट्रोक इंजिनात हवा-पेट्रोल आत घ्यायला आणि धूर बाहेर सोडायला व्हॉल्व्ह असतात. ते उघडायचं काम कॅमशाफ्टवरचा उंचवटा करतो आणि बंद करायचं काम स्प्रिंग करते. व्हॉल्व्ह सीटपासून जितका वर उचलला जातो तेवढी त्याची 'लिफ्ट'. (कार्टिंगमधल्या रोटॅक्स मॅक्स इंजिनात मात्र ही भानगडच नाही. ते टू स्ट्रोक आहे, त्याला कॅमच नसतो.)

हा कॅम आपल्याकडेही बनतो बरं का. १९९२ साली सुरू झालेली सोलापूरची प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी जगातल्या मोठमोठ्या कार कंपन्यांना कॅमशाफ्ट पुरवते.

मग लिफ्ट वाढवली की पॉवर वाढते का?

वाढते, पण वरच्या आरपीएमला आणि एका मर्यादेपर्यंत. साधं गणित आहे. लिफ्ट व्हॉल्व्हच्या व्यासाच्या एक चतुर्थांश झाली की व्हॉल्व्हभोवतीची फट व्हॉल्व्हच्या तोंडाच्या क्षेत्रफळाइतकी होते. म्हणजे ३० मिमीच्या व्हॉल्व्हला साधारण ७.५ मिमी. त्याच्यापुढे फायदा कमी कमी होत जातो, कारण आता हवा अडते ती पोर्टमध्ये. म्हणून पोर्टचं काम न करता नुसती लिफ्ट वाढवून फारसं हाती लागत नाही.

अजून एक. बॉक्सवर लिहिलेली लिफ्ट कॅमची आहे की व्हॉल्व्हची, हे विचारून घ्या. कॅमची लिफ्ट ६.५ मिमी आणि रॉकरचं प्रमाण १.४ असेल, तर व्हॉल्व्ह ९.१ मिमी उचलला जातो.

कुठे कुठे ठोकर लागते?

पहिली जागा स्प्रिंग. समजा, बसवलेल्या स्प्रिंगची उंची ३३ मिमी आहे आणि पूर्ण दाबल्यावर तिचे वेढे २३.५ मिमीला एकमेकांना टेकतात. म्हणजे जागा ९.५ मिमीची. ७ मिमीच्या जुन्या कॅमला ती भरपूर होती. ९ मिमीच्या कॅमला फक्त अर्धा मिमी उरते. साधारण दीड मिमी तरी उरायला हवी. नाहीतर स्प्रिंग घट्ट होऊन कॅम आणि रॉकर दोन्ही खाते.

दुसरी जागा रिटेनर. स्प्रिंगच्या डोक्यावरची ही वाटी खाली येताना व्हॉल्व्ह गाइडवरच्या ऑइल सीलवर आपटू शकते. मग सील फाटतं आणि सायलेन्सरमधून निळा धूर येतो. इथेही साधारण दीड मिमी मोकळीक लागते. ती नसेल तर गाइडचा वरचा भाग मशीनवर कमी करावा लागतो.

तिसरी जागा पिस्टन. इथे बरेच जण फसतात. व्हॉल्व्ह पूर्ण उघडला की पिस्टनला धडकेल असं वाटतं, पण तेव्हा पिस्टन खूप खाली असतो. खरा धोका पिस्टन वर असताना, एक्झॉस्ट बंद होताना आणि इनटेक उघडताना असतो. म्हणून नुसती लिफ्ट बघून चालत नाही, कॅमचं टायमिंगही बघावं लागतं. पिस्टनच्या डोक्यावर मऊ क्ले लावून, हेड बसवून, इंजिन हाताने दोन फेरे फिरवायचं. मग क्ले कापून सर्वात पातळ जागेची जाडी मोजायची. इनटेकला साधारण २ आणि एक्झॉस्टला अडीच मिमी हा प्रचलित अंदाज आहे. कमी भरलं तर पिस्टनला व्हॉल्व्हसाठी खाच मारावी लागते.

चौथी जागा रॉकर. लिफ्ट वाढली की रॉकरचं टोक व्हॉल्व्हच्या डोक्यावर जास्त घासत सरकतं. त्यामुळे व्हॉल्व्ह बाजूला दाबला जातो आणि गाइड झिजतं. पुशरॉडच्या इंजिनात पुशरॉडची लांबीही तपासावी लागते.

जास्त कडक स्प्रिंग टाकली की झालं?

८,००० आरपीएमला प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला सुमारे ६७ वेळा उघड-बंद होतो. स्प्रिंग कमजोर असेल तर व्हॉल्व्ह कॅमच्या मागे पडतो आणि वर येणाऱ्या पिस्टनच्या वाटेत सापडतो. वाकलेला व्हॉल्व्ह, फुटलेला पिस्टन, आणि चालत्या गाडीत इंजिन जाम झालं तर मागचं चाकही लॉक होऊ शकतं. पण गरजेपेक्षा कडक स्प्रिंग टाकली तर कॅमचं टोक घासून सपाट होतं. म्हणून स्प्रिंग कॅमच्या जोडीचीच हवी.

जुनाच कॅम घासून लिफ्ट वाढवतात, त्यातही मेख आहे. खालचा गोल भाग कमी केला की लिफ्ट वाढते, पण टॅपेटचा स्क्रू जास्त बाहेर काढावा लागतो, रॉकरचा कोन बदलतो आणि जास्त घासलं तर वरचा कडक थरच निघून जातो.

आणि कायदा?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल रस्त्यावरच्या गाडीत करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर नियमबाह्य बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. त्यामुळे असला प्रयोग ट्रॅकच्या गाडीवरच बरा.

तिथेही मिस्त्रीला आधी चार आकडे विचारा: स्प्रिंगची उरलेली जागा, रिटेनरची मोकळीक, पिस्टनचं अंतर आणि स्प्रिंगचा दाब. हे आकडे मोजून कागदावर लिहून देणाऱ्याच्या हातात हेड द्यायला हरकत नाही. 'बसतंय की' म्हणणाऱ्याकडून मात्र गाडी गपगुमान घरी आणा.