पाळीव प्राण्यांचे आंतरराष्ट्रीय स्थलांतर

पाळीव प्राण्यांचे आंतरराष्ट्रीय स्थलांतर म्हणजे एखादी व्यक्ती अथवा कुटुंब एका देशातून दुसऱ्या देशात वास्तव्यास जाताना सोबतचा कुत्रा, मांजर किंवा अन्य पाळीव प्राणी कायदेशीर मार्गाने नेण्याची प्रक्रिया होय. विक्रीसाठी होणारी प्राण्यांची आयात-निर्यात यात मोडत नाही. ही प्रक्रिया प्रामुख्याने रेबीज या रोगाच्या प्रतिबंधाभोवती रचलेली असून तिच्यातील टप्प्यांचा क्रम व त्यांमधील कालावधी ठरलेला असतो. क्रम चुकल्यास बहुतेक वेळा प्रक्रिया पुन्हा आरंभापासून करावी लागते.

पार्श्वभूमी

रेबीज हा विषाणुजन्य रोग असून त्याची लक्षणे दिसू लागल्यानंतर तो जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. माणसाला होणाऱ्या रेबीजपैकी सुमारे ९९ टक्के प्रकरणांत संसर्ग कुत्र्यापासून झालेला असतो. त्यामुळे रेबीजमुक्त देश बाहेरून येणाऱ्या प्राण्यांबाबत विशेष दक्षता घेतात.

ब्रिटनमध्ये विसाव्या शतकाच्या आरंभी बाहेरून येणाऱ्या कुत्र्यांना सहा महिने विलगीकरणात ठेवण्याची पद्धत रूढ झाली. १९०२ पर्यंत तेथून रेबीजचे उच्चाटन झाले होते; परंतु पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस सैनिकांनी चोरून आणलेल्या कुत्र्यांमुळे तो १९१८ मध्ये पुन्हा शिरला आणि १९२२ मध्ये पुन्हा नाहीसा करण्यात आला. सहा महिन्यांचे विलगीकरण त्यानंतरही अनेक दशके चालू राहिले. प्रभावी लसी, रक्तचाचण्या व मायक्रोचिप उपलब्ध झाल्यावर २८ फेब्रुवारी २००० रोजी ब्रिटनने काही देशांसाठी विलगीकरणाऐवजी पूर्वतपासणीवर आधारलेली योजना सुरू केली. प्राण्याला सीमेवर अडकवून ठेवण्याऐवजी त्याची सुरक्षितता निघण्यापूर्वीच सिद्ध करणे, हे आजच्या बहुतेक नियमांचे सूत्र आहे.

प्रक्रियेतील टप्पे

नियम देशागणिक बदलत असले तरी मुख्य टप्पे पुढील क्रमाने येतात.

१. मायक्रोचिप : तांदळाच्या दाण्याएवढी चिप प्राण्याच्या त्वचेखाली बसवली जाते. आंतरराष्ट्रीय मानकानुसार तिच्यात १५ अंकी क्रमांक असतो. पुढील प्रत्येक कागदपत्रावर हाच क्रमांक नोंदवला जातो.

२. रेबीजची लस : युरोपीय संघाच्या नियमांनुसार पहिल्या लसीच्या वेळी प्राणी किमान १२ आठवड्यांचा असावा लागतो. चिप बसवण्याआधी दिलेली लस ग्राह्य धरली जात नाही, कारण ती नेमक्या त्याच प्राण्याला दिली होती हे सिद्ध करता येत नाही.

३. प्रतिपिंड चाचणी : लसीनंतर ठरावीक दिवसांनी रक्ताचा नमुना घेऊन तो मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवला जातो. रक्तद्रवाच्या प्रत्येक मिलिलिटरमध्ये किमान ०.५ आंतरराष्ट्रीय एकक इतके प्रतिपिंड आढळणे आवश्यक असते.

४. प्रतीक्षाकाळ : नमुना घेतल्याच्या दिवसापासून तो मोजला जातो.

५. आरोग्य प्रमाणपत्र : प्रवासाच्या अगदी आधीच्या दिवसांत शासकीय पशुवैद्य ते देतात किंवा प्रमाणित करतात.

लसीची मुदत संपण्यापूर्वी वर्धक मात्रा देणे महत्त्वाचे असते. ती वेळेवर न दिल्यास पूर्वीची प्रतिपिंड चाचणीही निरुपयोगी ठरते.

प्रतीक्षाकाळामागील कारण

चाचणीत पुरेसे प्रतिपिंड आढळल्यानंतरही प्राण्याला काही महिने का थांबवले जाते, असा प्रश्न पालकांना पडतो. लस घेण्यापूर्वीच प्राण्याला संसर्ग झाला असल्यास लस त्याला वाचवू शकेलच असे नाही. रेबीजचा विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत अनेक आठवडे, कधी कित्येक महिनेही जातात. प्रतीक्षाकाळात प्राणी निरोगी राहिला, तर अशा सुप्त संसर्गाची शक्यता बरीच कमी होते. चाचणी लसीचा परिणाम दाखवते, तर प्रतीक्षाकाळ आधीच्या संसर्गाची शंका दूर करतो.

देशनिहाय नियम

युरोपीय संघ रेबीजच्या स्थितीनुसार देशांची यादी करतो. भारत या यादीत नसल्याने भारतातून जाणाऱ्या कुत्र्या-मांजरांना प्रतिपिंड चाचणी अनिवार्य आहे. नमुना लसीनंतर किमान ३० दिवसांनी घ्यावा लागतो व त्यानंतर ३ महिने थांबावे लागते. त्यामुळे भारतात जन्मलेले पिल्लू सुमारे ७ महिन्यांचे होईपर्यंत युरोपात जाऊ शकत नाही. जो प्राणी युरोपातच राहत असेल व भारतभेटीस निघण्यापूर्वी ज्याची चाचणी यशस्वी होऊन पासपोर्टवर नोंदली गेली असेल, त्याला परतताना ३ महिन्यांची अट लागू होत नाही.

ब्रिटनचे नियम बरेचसे असेच आहेत. तेथे कुत्र्याला पोहोचण्यापूर्वी २४ ते १२० तासांच्या दरम्यान पट्टकृमींवरील औषध द्यावे लागते. विमानाने येणारे प्राणी, साहाय्यक श्वान वगळता, मालवाहू विभागातूनच आणावे लागतात.

अमेरिकेने १ ऑगस्ट २०२४ पासून श्वानांसाठी नवे नियम लागू केले. त्यांनुसार कुत्रा किमान ६ महिन्यांचा व मायक्रोचिप बसवलेला असावा लागतो. भारताची गणना तेथे श्वान-रेबीजचा धोका अधिक असलेल्या देशांत होते. अशा देशात लस घेतलेल्या कुत्र्यांसाठी अतिरिक्त कागदपत्रे आणि ठरावीक विमानतळांवरूनच प्रवेश अशा अटी आहेत.

जपानमध्ये रेबीज असलेल्या देशांतून येणाऱ्या प्राण्यांसाठी रक्तचाचणीनंतरचा प्रतीक्षाकाळ १८० दिवसांचा आहे. अटी पूर्ण नसल्यास उरलेला काळ विलगीकरण केंद्रात काढावा लागतो. ऑस्ट्रेलियाचे नियम सर्वांत कडक मानल्या जाणाऱ्या नियमांपैकी आहेत. तेथे येणाऱ्या बहुतेक कुत्र्या-मांजरांना मेलबर्नजवळील मिकलहॅम येथील शासकीय केंद्रात किमान १० दिवस ठेवले जाते. २०१५ मध्ये अभिनेता जॉनी डेप व अँबर हर्ड यांनी दोन कुत्रे घोषित न करता खासगी विमानाने ऑस्ट्रेलियात आणले, तेव्हा ते देशाबाहेर न नेल्यास ठार करण्याचा इशारा तेथील सरकारने दिला होता.

विमानप्रवास

हवाई वाहतुकीतील पिंजऱ्याचे निकष आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटनेने ठरवले आहेत. प्राण्याला पिंजऱ्यात नैसर्गिकपणे उभे राहता, वळता व आडवे होता आले पाहिजे. पग, बुलडॉग यांसारख्या चपट्या नाकाच्या जातींना श्वसनाचा त्रास होण्याचा धोका अधिक असल्याने अनेक विमान कंपन्या त्यांना स्वीकारत नाहीत. गुंगीचे औषध देणे सहसा टाळले जाते, कारण त्याचा श्वसन व रक्तदाबावर विपरीत परिणाम होऊ शकतो. त्याऐवजी प्रवासापूर्वी काही आठवडे प्राण्याला पिंजऱ्याची सवय लावली जाते.

भारतातील व्यवस्था

भारतात हे काम केंद्र सरकारच्या पशुसंवर्धन व दुग्धव्यवसाय विभागाच्या पशू विलगीकरण व प्रमाणन सेवेकडे आहे. तिची केंद्रे मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बंगळूर व हैदराबाद येथे आहेत. देशाबाहेर जाणाऱ्या प्राण्याची तपासणी करून हे केंद्र निर्यात आरोग्य प्रमाणपत्र देते. भारतात प्राणी आणण्यासाठी याच सेवेचे ना-हरकत प्रमाणपत्र आगाऊ घ्यावे लागते.

पक्षी व वन्य प्रजाती

कुत्रा व मांजर वगळता इतर प्राण्यांना वेगळे कायदे लागू होतात. धोक्यातील प्रजातींच्या व्यापारासंबंधीचा १९७३ चा आंतरराष्ट्रीय करार, म्हणजेच ‘साइटिस’, अनेक पोपट व कासवांना लागू आहे आणि त्यांच्यासाठी स्वतंत्र परवाने लागतात. महाराष्ट्रात अनेक घरांतून पाळला जाणारा देशी पोपट वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये संरक्षित असून त्याला पाळणेच बेकायदेशीर आहे. त्यामुळे त्याला परदेशी नेण्याचा कायदेशीर मार्ग नाही.

आणीबाणीतील स्थलांतर

युद्ध किंवा आपत्तीत घर सोडणाऱ्यांना काही महिन्यांची पूर्वतयारी शक्य नसते. २०२२ मध्ये युक्रेनवरील आक्रमणानंतर युरोपीय संघातील देशांनी निर्वासितांसोबतच्या प्राण्यांना अपूर्ण कागदपत्रांनिशी प्रवेश दिला व चिप, लस आणि चाचणी प्रवेशानंतर करण्याची सोय केली. युक्रेनमधून परतणाऱ्या भारतीयांनाही पाळीव प्राणी आणण्यासाठी भारत सरकारने विशेष सवलत दिली होती. सामान्य परिस्थितीत मात्र अशी सूट मिळत नाही. नोकरीच्या किंवा शिक्षणाच्या निमित्ताने अल्पावधीत परदेशी जाणाऱ्यांचे प्राणी त्यामुळे अनेकदा काही महिने नातेवाइकांकडे किंवा निवासी केंद्रात राहतात व प्रतीक्षाकाळ संपल्यावर मागाहून रवाना होतात.