पदर आणि यंत्र

डॉक्टरांच्या गळ्यातला स्टेथोस्कोप आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे. तो निघाला कसा, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. 1816 साली पॅरिसमध्ये रेने लायनेक या डॉक्टरांकडे हृदयाचा त्रास असलेली एक तरुणी आली. त्या काळी रुग्णाच्या छातीला थेट कान लावून ठोके ऐकत. तरुण बाईच्या छातीला कान लावायचा कसा? लायनेक यांनी कागदाची घट्ट सुरळी केली, एक टोक तिच्या छातीवर टेकवलं, दुसरं आपल्या कानाला. ठोके अधिकच स्पष्ट ऐकू आले. वैद्यकातलं हे सर्वांत ओळखीचं यंत्र असं संकोचापोटी जन्मलं.

आपल्याकडे संकोचाला अडाणीपणा म्हणण्याची सवय आहे. शिरूर, दौंडच्या खेड्यांत काय किंवा आणखी कुठे काय, ‘बाया बोलतच नाहीत’ ही तक्रार नेहमीची. बाया बोलतात, पण आपल्या भाषेत. ‘कंबर दुखते, अशक्तपणा आहे,’ म्हणणाऱ्या बाईला पुष्कळदा अंगावरून पांढरं जातंय हे सांगायचं असतं. शेजारी सासू बसलेली, दाराशी रांग आणि समोर पुरुष डॉक्टर. उसाच्या फडाजवळ कोपीत राहणारी तोडणी कामगार बाई घ्या, नाही तर रांजणगाव, कुरकुंभच्या कारखान्यांपाशी भाड्याच्या एका खोलीत संसार मांडलेली बाई घ्या. एकांत ही वस्तू तिच्या घरात नसतेच.

संभाजी महाराजांच्या समाधीमुळे आपल्याला ठाऊक असलेलं वढू बुद्रुक हे शिरूर तालुक्यातलं गाव. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी यांनी 1970 च्या दशकात तिथे ग्रामीण आरोग्याचं काम उभं केलं. इमारतीपेक्षा त्यांचा भर होता गावातल्याच माणसांना शिकवून आरोग्यसेवक करण्यावर. ओळखीच्या बाईला दारात बसून जे सांगता येतं, ते टेबलापलीकडच्या डॉक्टरला सांगता येत नाही. 1993 साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या 650 स्त्रियांची तपासणी केली. 1989 साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले: 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते आणि पूर्वी कधी तपासणी झालेल्या होत्या अवघ्या 8 टक्के. याच दांपत्यानं बालकांच्या न्यूमोनियासाठी एक साधन बनवलं, ते मला फार आवडतं. मुलाचा श्वास मिनिटाला किती, यावरून न्यूमोनिया ओळखतात. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास साठ किंवा जास्त झाले, तर धोका. पण गावातल्या दाईला साठपर्यंत मोजता येत नव्हतं, हातात घड्याळही नव्हतं. म्हणून एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मण्यांच्या दोन ओळी. एक तान्ह्या बाळासाठी, एक त्याहून मोठ्या मुलासाठी. दहा श्वास मोजले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत शेवटचा लाल मणी सरकला, तर न्यूमोनिया. दाईला शाळेत घालण्याऐवजी दहापर्यंतच्या तिच्या मोजणीवर यंत्र बेतलं.

पण लोकांना रुचणारं यंत्र चांगलंच असतं, असं समजू नका. सोनोग्राफी आपल्या घराघरांत इतकी सहज का रुजली? ‘मुलगाच हवा’ या जुन्या हट्टाशी ती बेमालूम जुळली. गर्भलिंग तपासणीला आळा घालणारा देशातला पहिला कायदा 1988 साली महाराष्ट्रानंच केला. तरी 2011 च्या जनगणनेत पुणे जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे मुली भरल्या 883; दहा वर्षांपूर्वी त्या 902 होत्या. म्हणून यंत्र करणाऱ्यानं रिवाज पाहताना नीट निवड करावी. बाईचा संकोच सांभाळायचा आहे, तिच्यावरची घराची हुकमत नव्हे. दोन्ही एकाच पदराआड असतात, त्यामुळे चूक सहज होते.

मोबाइलच्या बाबतीत तर ही चूक हमखास होते. बाईच्या नावानं नोंदलेला नंबर खरं तर नवऱ्याचा असतो आणि फोन त्याच्याबरोबर पाळीवर जातो. मुंबईच्या वस्त्यांत ‘आरमान’ संस्थेनं 2014 साली ‘एममित्र’ सुरू केलं, तेव्हा गरोदर बायांना लेखी संदेशाऐवजी बोलका फोन दिला आणि तो कोणत्या वेळी यावा, हे बाईनंच ठरवायचं ठेवलं. नवरा घरी असतो ती वेळ घेतली, की फोनही घरी असतो. लोहाच्या गोळ्या, लसी, आहार यांसाठी हे उत्तम; घरातल्या सगळ्यांनी ऐकलं तरी बरंच. पण पाळणा लांबवण्याचं साधन किंवा गुप्तरोगाच्या तपासणीचा निकाल अशा फोनवर पाठवू नये. त्यासाठी आशाताईंची फेरीच बरी, तीसुद्धा दुपारी सासूबाई जरा आडव्या झाल्यावर.