गांधीलमाशीचा दंश

दिवाळीच्या सुमारास माळ्यावरची अडगळ काढतांना आढ्याला लोंबणाऱ्या करड्या पोळ्यास कोणाचा तरी धक्का लागतो, आणि गांधीलमाश्या तोंडावर तुटून पडतात. घरांत एकच धांदल उडते. कोणी विळ्याचें पातें दंशावर घाशीत बसतो, कोणी चुन्याची डबी शोधतो, कोणी कांदा चिरतो. या उपायांनीं विष उतरतें ही समजूत जुनी आहे, पण खरी नाहीं. विष कातडीखालीं गेलेलें असतें. वरून लावलेला चुना तेथवर पोंचत नाहीं, कातडी मात्र पोळतो.

‘माशी चावली’ असें म्हणण्याचा प्रघात असला तरी विष येतें तें शेपटाकडील नांगींतून. मधमाशीची नांगी काटेरी असल्यामुळें विषाच्या पिशवीसह कातडींत अडकून राहते आणि माशी उडून गेल्यावरही विष ओतीत असते. ती नखानें कां होईना, तत्काळ काढावी. चिमटा शोधण्यांत वेळ दवडूं नये. गांधीलमाशीची नांगी बहुधा मागें राहत नाहीं. म्हणूनच एकच माशी पुनःपुनः दंश करूं शकते. तेव्हां प्रथम पोळ्यापासून दूर जावें. नंतर ती जागा साबणानें धुऊन तीवर गार पाण्याची घडी ठेवावी. बोटास दंश झाला असेल तर सूज चढण्यापूर्वीं अंगठी उतरवावी. ही गोष्ट हमखास विसरते, आणि मग अंगठी कापावी लागते.

खरें भय निराळेंच. कांहीं माणसांच्या शरीरास या विषाचें वावडें असतें. अशा विपरीत प्रतिक्रियेस रिशे व पोर्तिए या फ्रेंच शास्त्रज्ञांनीं १९०२ सालीं ‘ॲनाफिलॅक्सिस’ हें नांव दिलें. रिशे यांस त्या संशोधनाबद्दल १९१३ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. दंशाची जागा सोडून सर्वांगावर गांधी उठतात, ओठ व जीभ सुजतात, श्वास कोंडतो, भोवळ येते. हें बहुधा पहिल्या अर्ध्या तासांतच घडतें. तेवढा वेळ रोग्यास एकटें सोडूं नये. यावर मुख्य औषध एकच : मांडीच्या स्नायूंत ॲड्रेनॅलिनचें इंजेक्शन. इस्पितळाची गाडी येईपर्यंत त्यास आडवें निजवून पाय उंच ठेवावे; धाप लागली असेल तर बसवावें; पण उभें करूं नये वा चालवूं नये.

घशांत दंश झाला, किंवा एकाच वेळीं अनेक माश्यांनीं दंश केला, तर वावडें नसलें तरी इस्पितळ गांठावें. पुष्कळ विषानें मूत्रपिंडांस इजा होते, व ती कित्येकदां एकदोन दिवसांनीं, लघवी कमी किंवा काळपट होऊं लागल्यावर कळते.