पत्ता जुना, पान नवे

वेबपानाचा पत्ता बदलला, तरी जुन्या पत्त्यावर येणाऱ्याला नव्या पानावर नेऊन सोडणाऱ्या व्यवस्थेला रिडायरेक्ट म्हणतात. शिरूर-दौंडच्या शेतकऱ्याला ती नकळत भेटलेली असते. महाभूलेख संकेतस्थळावर सातबारा पाहताना पूर्वी आधी महसूल विभाग निवडावा लागे. हे दोन्ही तालुके पुणे विभागातले. निवड वाचून कोड ब्राउझरला त्या विभागाच्या पानाकडे रवाना करी. मग जिल्हा, तालुका, गाव आणि गट नंबर.

हे काम दोन ठिकाणी होऊ शकते. एक, सर्व्हरवर. ब्राउझरने पान मागताच सर्व्हर पानाऐवजी तीन आकडी संकेत आणि ‘लोकेशन’ या ओळीत नवा पत्ता पाठवतो. दुसरे, पानातच. तिथे जुने पान आधी उतरते आणि मग त्यातली जावास्क्रिप्ट पुढे ढकलते. फरक दौंडकरांना लगेच कळेल: मनमाडकडून पुण्याला जाणारी गाडी पूर्वी दौंड जंक्शनात शिरून इंजिनाची दिशा बदलून निघे; कॉर्ड लाइनवरून ती जंक्शनात न शिरताच वळते. शक्य असेल तिथे सर्व्हरचाच मार्ग बरा.

खरी मेख संकेतात आहे. 301 म्हणजे पान कायमचे हलले. ब्राउझर हे लक्षात ठेवू शकतो आणि पुढच्या वेळी जुन्या पत्त्यावर चौकशीही करत नाही; शोधयंत्रेही हळूहळू नवा पत्ता दाखवू लागतात. 302 म्हणजे तात्पुरती सोय, मूळ पत्ता कायम. दोन दिवसांच्या दुरुस्तीसाठी 301 लावला, तर दुरुस्ती संपल्यावरही काही लोक भलत्याच पानावर जात राहतात आणि प्रत्येकाच्या ब्राउझरमधली ती आठवण दुरून पुसता येत नाही. भरलेला अर्ज पुढे पाठवायचा असेल, तर या दोन्हींत गोची होते: बहुतेक ब्राउझर नुसता पत्ता उघडतात, भरलेली माहिती वाटेत गळते. त्यासाठी 307 आणि 308 आहेत. पहिला तात्पुरता, दुसरा कायमचा.

पहिले पान दुसऱ्याकडे आणि दुसरे पुन्हा पहिल्याकडे धाडू लागले, तर फेरा संपतच नाही. क्रोम वीस उड्यांनंतर हात टेकतो.

भामटेही या सोयीचा फायदा घेतात. लिंकची सुरुवात ओळखीच्या संकेतस्थळाची असते, पण शेपटीला जोडलेला पत्ता नकली पानाचा. डिजिटल सही असलेल्या सातबाऱ्यासाठी लॉगिन करतानाही आधी ब्राउझरच्या वरच्या पट्टीतला पत्ता पाहावा. त्यातले संकेतस्थळाचे नाव ‘महाभूमी डॉट जीओव्ही डॉट इन’ने संपत नसेल, तर ओटीपी टाकू नये.