बास्केटबॉलचे पैसे जातात कुठे?

भातकापणीनंतर मोकळं झालेलं शेत फुटबॉलला पुरतं. बास्केटबॉलला 28 मीटर लांब, 15 मीटर रुंद टणक मैदान हवं, आणि पावसाळ्यात उघडं मैदान घसरडं होतं. गोव्यात पेडणे-डिचोलीतल्या कुठल्याही क्लबचा मोठा खर्च म्हणून छपराचा. पालकांना बूट जड जातात: सिमेंटवर तळवे झिजतात, शिवाय मुलांचे पाय वाढतच राहतात. वर सामन्यांसाठी म्हापसा-पणजीचं बसभाडं.

लहानांना मोठ्यांचाच सात नंबरचा चेंडू आणि 3.05 मीटरवरची रिंग देणं ही खोटी काटकसर. चेंडू रिंगपर्यंत पोचत नाही, पोर कंटाळून घरी बसतं. बारा वर्षांखालच्यांसाठी पाच नंबरचा चेंडू, 2.60 मीटरवरची रिंग असते. सुरुवातीला वर्गणी घेऊच नये, असं मला वाटतं. तिघा-तिघांच्या खेळाला तर अर्धं मैदान, एकच रिंग पुरते; टोकियोपासून तो ऑलिंपिकमध्येही आहे.